ओलीचिंब ड्राय बाल्कनी

पुण्यातल्या कुठल्याही नव्या इमारतीची जाहिरात बघा. टू बीएचके, मॉड्युलर किचन, अटॅच्ड टेरेस आणि ड्राय बाल्कनी. यातली शेवटची जागा स्वयंपाकघराला चिकटून असते. तिथे वॉशिंग मशिन असतं, भांडी घासायचं सिंक असतं, फरशी पुसायची बादली असते, वर दोऱ्यांवर टपटपणारे कपडे आणि खाली पाणी जायला जाळी. घरातली सर्वांत ओली जागा कोणती असं विचारलं, तर बाथरूमच्या आधी हिचं नाव घ्यावं लागेल. तरी ती ड्राय. ‘ड्राय बाल्कनीत पाणी तुंबलंय’ हे वाक्य प्लंबरला फोनवर सांगताना आपल्याला हसू येत नाही, आणि ऐकताना त्यालाही नाही.

खुलासा तसा सोपा आहे. इंग्रजीत ‘ड्राय’ हे विशेषणही आहे आणि क्रियापदही. बाल्कनी कोरडी आहे असं बिल्डर म्हणतच नाही. ती कपडे कोरडे करायची आहे, एवढंच त्याला म्हणायचं असतं. पण हा धागा एकदा हाताला लागला की सोडवत नाही. ड्राय डे, ड्राय क्लीनिंग, ड्रायफ्रूट, ड्राय सेल, ड्राय आइस, ड्राय वाइन, ड्राय रन, ड्राय ह्यूमर, ड्राय मंच्युरियन. आपण रोज बोलतो ते हे शब्द, आणि यातल्या बहुतेक ठिकाणी काहीतरी ओलं आहेच. ड्राय क्लीनिंगमध्ये कपडा चक्क बुडवून काढतात. वाइन तर पातळच असते. टॉर्चमधल्या ड्राय सेलच्या पोटात ओलसर लगदा नसेल, तर टॉर्च लागणारच नाही. मग यात कोरडं नक्की काय?

मला सापडलेलं उत्तर असं. या शब्दाला कोरडेपणाशी फारसं देणंघेणं नाही. तो फक्त कोणाची तरी गैरहजेरी लावतो. जे असेल असं आपण धरून चाललो होतो, ते इथे नाही, एवढंच तो सांगतो. काय नाही, ते पुढचं नाम ठरवतं. पुढे ‘डे’ आला की दारू नाही. ‘वाइन’ आली की साखर नाही. ‘क्लीनिंग’ आलं की पाणी नाही. ‘मंच्युरियन’ आलं की ग्रेव्ही नाही. एकच शब्द वेगवेगळ्या दारांवर वेगवेगळ्या माणसाला बाहेर ठेवतो.

ड्राय क्लीनिंगचंच घ्या, कारण तिथली गंमत थेट रेणूपर्यंत पोहोचते. पैठणीवर लग्नाच्या पंगतीत तुपाचा थेंब पडला. घरी धुवायची कोणाची छाती होत नाही. रेशीम आणि लोकर हे प्रथिनांचे धागे. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण. तो या धाग्यांत शिरतो, त्यांना फुगवतो, आणि वाळताना धागे पुन्हा पहिल्या जागी येतीलच असं नाही. कापड आटतं, चुरगळतं, कधी रंग सोडतं. एवढं करून तुपाचा डाग पाण्याला दाद देत नाही तो नाहीच. अशा वेळी जगभरातले ड्राय क्लीनर अनेक वर्षं पर्क्लोरोएथिलीन नावाचं द्रावक वापरत आले. त्याच्या रेणूला अशी धन-ऋण टोकं जवळजवळ नाहीतच. म्हणून तेल त्यात सुखाने विरघळतं आणि रेशमाच्या धाग्याला ते हातही लावत नाही. दिसायला पाण्यासारखंच, पण एक लिटर उचलून बघितलं तर दीड किलोहून जास्त भरतं. साडी त्यात चिंब भिजते. ती भिजते, पण पाण्याने नाही, आणि तेवढ्या एका कारणासाठी सगळी प्रक्रिया ‘ड्राय’ ठरते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण घामातलं मीठ आणि सरबतातली साखर या द्रावकात विरघळत नाहीत, म्हणून त्यात थोडा साबण आणि चमचाभर का होईना पाणी मिसळावं लागतं. म्हणजे ‘ड्राय’ला स्वतःचं काम नीट करायला शेवटी पाणी लागतंच! आपल्याकडे काही दुकानांत याच कामाला ‘पेट्रोल वॉश’ म्हणतात. तो शब्द मला जास्त प्रामाणिक वाटतो.

या कल्पनेचं पहिलं पेटंट न्यूयॉर्कच्या टॉमस जेनिंग्स या शिंप्याने १८२१ साली घेतलं. पेटंट मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन मानला जातो. त्याने आपल्या पद्धतीला ‘ड्राय स्कावरिंग’ म्हटलं होतं. त्यात नेमकं काय वापरलं जाई, ते आता कोणालाच सांगता येणार नाही, कारण १८३६ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाला आग लागली आणि तो कागद जळाला. (त्याच १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. दोन्ही गोष्टींचा काही संबंध नाही, पण शुष्क हा शब्द तिथे घोकला जात असणार.) पुढे पॅरिसमध्ये या धंद्याने मूळ धरलं. दिव्यातलं तेल टेबलक्लॉथवर सांडलं आणि नेमकी तेवढीच जागा स्वच्छ निघाली, ही झान-बातिस्त जोली या रंगाऱ्याची गोष्ट तिथे सांगतात.

यात एक प्रश्न दडलेला आहे: ओलं म्हणजे काय? द्रव लागला की ओलं, की फक्त पाणी लागलं की ओलं? मराठी इथे ड्राय क्लीनरच्या बाजूने उभी राहते. डोक्याला तेल चोपडलं तर केस तेलकट होतात, ओले होत नाहीत. हाताला तूप लागलं तर हात तुपट होतो. मध सांडला तर जागा चिकट होते. आपल्या ‘ओलं’ या शब्दाचा मक्ता पाण्याकडेच आहे.

निदान असं वाटत होतं, कचरा वेगळा करायला लागेपर्यंत. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा गोळा करते, आणि ओला-सुका हे शब्द या शहराच्या रोजच्या सकाळी ऐकू येतात. आता कांद्याचं साल घ्या. ते कागदापेक्षा कोरडं. हातात चुरचुरतं, पंख्याच्या वाऱ्याने उडतं. ते जातं ओल्या कचऱ्यात. दुधाची रिकामी पिशवी आतून ओली, थेंब गळत असतो. ती सुक्या कचऱ्यात. दाण्यांची टरफलं ओली, शाम्पूची बाटली सुकी. इथे ओलं म्हणजे कुजणारं आणि सुकं म्हणजे न कुजणारं. हाताला काय लागतं त्याचा इथे संबंधच नाही. पुढे त्या वस्तूचं काय होणार, हे इथले शब्द सांगतात. हजारो पुणेकर बायाबाप्यांनी ही नवी व्याख्या काहीही न बोलता आत्मसात केली आहे. भाषा बदलते कशी, हे शोधायला ग्रंथालयात जायची गरज नाही. सोसायटीच्या जिन्याखाली दोन बादल्या ठेवलेल्याच असतात.

ड्राय डे ही तर सगळ्यांची लाडकी, किंवा नावडती, गोष्ट. दारू न मिळणाऱ्या जागेला किंवा दिवसाला ‘ड्राय’ म्हणायची रीत अमेरिकेतली. तिथे दारूबंदीच्या बाजूचे ते ‘ड्राय’ आणि विरोधातले ते ‘वेट’ असे दोन पक्षच पडले होते, आणि १९२० ते १९३३ अख्खा देश कायद्याने ड्राय होता. आपल्याकडची कायदेशीर स्थिती त्याहून चमत्कारिक आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा नाव बदलून आजही महाराष्ट्रात लागू आहे. कागदावर हे राज्य मुळात दारूबंदीचं. पिणं हा परवान्याने मिळणारा अपवाद. हॉटेलवर ‘परमिट रूम’ अशी पाटी दिसते ती म्हणूनच. परमिट एका दिवसाचं मिळतं, वर्षाचं मिळतं आणि आजीवनही मिळतं. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे बाराही महिने ड्राय आहेत. चंद्रपूर २०१५ मध्ये झालं आणि २०२१ मध्ये पुन्हा ‘ओलं’ झालं.

सरकारी आदेशात ‘कोरडा दिवस’ असा शब्द छापतात. तो कोणी बोलत नाही. का, ते पंधरा ऑगस्टला पुण्यात उभं राहिलं की कळतं. सकाळपासून भुरभुर, झेंडा भिजलेला, रस्त्यावर चिखल, आणि सरकारी दप्तरी हा कोरडा दिवस. ‘ड्राय’ परका आहे म्हणूनच इथे चालतो. त्याच्यामागे मराठी माणसाला चिखल दिसत नाही.

याच शहरात कोरड्या दिवसाचा हिशेब ठेवणारं दुसरं खातं शिवाजीनगरला आहे. भारतीय हवामान खात्याचं कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं आणि त्याच्या इमारतीला अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. त्या खात्याच्या हिशेबात चोवीस तासांत निदान अडीच मिलिमीटर पाऊस पडला तर तो ‘पावसाचा दिवस’. दोन मिलिमीटर पडला, तुमची छत्री भिजली, चप्पल घसरली, तरी तो दिवस पावसाच्या दिवसांत धरत नाहीत.

हवामानवाल्यांकडे अजून एक ‘ड्राय’ आहे, आणि मला तो सर्वांत सुंदर वाटतो. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ते दोन तापमापक शेजारी शेजारी ठेवतात. एकाच्या फुग्याला मलमलीचं ओलं फडकं गुंडाळलेलं असतं. तो ‘वेट बल्ब’. दुसऱ्याला काही केलेलं नसतं. तो ‘ड्राय बल्ब’. हा दुसरा म्हणजे आपला साधा तापमापक. बातम्यांत सांगतात ते तापमान त्याचंच. शेजारी ओला येऊन बसेपर्यंत त्याला कोरडा म्हणायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. ओल्या फडक्यातलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला तापमापक नेहमी कमी किंवा फार तर बरोबरीचा आकडा दाखवतो. पुण्याच्या एप्रिलमधल्या दुपारी दोघांतलं अंतर भलतंच वाढतं. हवा पाण्यासाठी आसुसलेली असते. जुलैत झड लागली की दोन्ही आकडे जवळजवळ एक होतात, कारण हवेच्या पोटात आता जागा नाही. माठातलं पाणी एप्रिलमध्ये दात शिवशिवण्याइतकं गार आणि जुलैत कोमट का, आणि जुलैत कपडे तीन दिवस कुबट का राहतात, ते सगळं या दोन काचेच्या नळ्यांमधल्या अंतरात असतं.

वाइनबद्दल थोडक्यात सांगतो. द्राक्षातली सगळी साखर आंबून दारू झाली, गोडवा उरला नाही, की ती वाइन ड्राय. पुणे जिल्ह्यात नारायणगावला शॅटो इंडाज या कंपनीने १९८० च्या दशकात फ्रेंच पद्धतीची फसफसती वाइन केली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात विकली, तेव्हापासून हा शब्द आपल्या द्राक्षबागांपर्यंत आला. पण फसफसत्या वाइनच्या बाटलीवर ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलं असेल तर सावध राहा. ती ‘ब्रूट’ नावाच्या प्रकारापेक्षा गोड असते, आणि नुसती ‘ड्राय’ लिहिलेली त्याहून गोड: लिटरमागे सतरा ते बत्तीस ग्रॅम साखर. ज्या काळात ही नावं पडली तेव्हा लोक शॅम्पेन सरबतासारखी गोड पीत, त्या मानाने ही कोरडी. पुढे आवड बदलली, लेबलं तशीच राहिली.

लग्नात नवरा-नवरी स्टेजवर येतात तेव्हा पायाशी पांढरा धूर सोडतात तो ड्राय आइसचा. हा गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंशांचा; तो वितळत नाही, थेट वायू होतो, पाण्याचं थारोळं मागे राहत नाही, म्हणून ड्राय. पण कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही. व्हिडिओवाला ज्याच्यासाठी जीव टाकतो तो पांढरा ढग म्हणजे गारठ्याने थेंबांत बदललेली पाण्याची वाफ. ड्राय आइसचा जो भाग दिसतो तो पाण्याचा असतो.

२ जानेवारी २०२१ ला देशभर कोविड लसीकरणाची ‘ड्राय रन’ झाली. महाराष्ट्रात त्यासाठी निवडलेल्या जिल्ह्यांत पुणे होता. टेबलं, याद्या, टोचण्याची खोली, नंतर अर्धा तास बसायची खोली, सगळं होतं. लस तेवढी नव्हती. मराठी वर्तमानपत्रांनी या प्रकाराला ‘रंगीत तालीम’ म्हटलं. रंगभूमीवरून आलेला किती नेमका शब्द! आणि दोन भाषांची नजर किती उलटी बघा. इंग्रजीने जे नव्हतं त्यावर बोट ठेवलं, मराठीने जे होतं त्यावर. दहा दिवसांनी, १२ जानेवारीला पहाटे, मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोव्हिशिल्डच्या पहिल्या गाड्या निघाल्या. ती लस द्रवरूप होती. पण याच सीरमच्या गोवराच्या लशीची बाटली बघितली तर तळाशी पांढरी पूड दिसते. टोचायच्या आधी तिच्यात पाणी घालतात. पाणी गोठवायचं आणि बर्फाची वितळू न देता थेट वाफ करायची, म्हणजे आतला नाजूक विषाणू जागच्या जागी थिजून राहतो. रेणूंना बिघडायलासुद्धा पाणी लागतं. हिंजवडीच्या जिनोव्हाने २०२२ मध्ये भारतातली पहिली एमआरएनए लस आणली तीही अशीच पूड करून. म्हणून ती साध्या फ्रिजच्या तापमानाला टिकते, उणे सत्तर अंशांचं शीतकपाट लागत नाही.

आता जरा आपल्या घरात बघू. कँडी आणि मोल्सवर्थ यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये छापून आला. मेजर टॉमस कँडी हे पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख. त्या वेळी ड्राय सेल, ड्राय आइस, ड्राय डे यांचा जन्म व्हायचा होता, तरी ‘ड्राय’पाशी पोचल्यावर त्यांच्या शास्त्र्यांची पंचाईत झालीच असणार असं मला वाटतं. कारण इंग्रजी एका शब्दात भागवते तिथे मराठी आधी उलटा प्रश्न विचारते: पाणी होतं का, आणि होतं तर गेलं कसं?

पाणी लागलेलंच नाही, ते कोरडं: कोरडं अंग, कोरडी चटणी, कोरडवाहू जमीन. होतं आणि निघून गेलं, ते सुकलेलं: सुकी मासळी, सुकलेली जखम, उन्हातून आलेल्या पोराचं सुकलेलं तोंड. उन्हात मुद्दाम पसरून घालवलं, ते वाळवलेलं. त्याला तर ‘वाळवण’ असं सणासारखं नाव आहे. भांड्यातून, विहिरीतून, कासेतून गेलं, ते आटलं. इंग्रजीतल्या ‘ड्राय काऊ’ला मराठीत कोरडी गाय म्हटलं तर उरुळीकांचनच्या गोठ्यातला माणूस आपल्याकडे दयेने बघेल. ती भाकड गाय. आणि व्यायच्या साधारण दोन महिने आधी तिचं दूध हळूहळू बंद करतात, त्याला ‘गाय आटवणं’ म्हणतात. पाणी नव्हे तर स्निग्धता गेली, तर रुक्ष. स्नेह म्हणजे तेलही आणि मायाही, म्हणून रुक्ष त्वचा आणि रुक्ष माणूस एकाच शब्दात बसतात. भेळेच्या गाडीवर मात्र दोनच पर्याय: ओली की सुकी?

बऱ्याचदा मराठी विशेषणाच्या भानगडीतच पडत नाही, सरळ नाव बदलते. आलं वाळलं की सुंठ. द्राक्ष वाळलं की बेदाणा. कैरी वाळली की आंबोशी, रातांबा वाळला की आमसूल, ज्वारीचं ताट वाळलं की कडबा. वाळलेल्या वस्तूला ती पूर्वी काय होती याची आठवण ठेवायची सक्ती नाही. ‘ड्रायफ्रूट’ हा शब्द यांच्यापुढे अगदीच लंगडा. शिवाय वनस्पतिशास्त्रात शुष्क फळ ही वेगळीच चीज आहे. ज्याची साल पिकल्यावर कोरडी होते ते. त्या हिशेबाने दिवाळीच्या ड्रायफ्रूट बॉक्समधले मनुका, खारीक, बदाम आणि पिस्ते यांतलं एकही शुष्क फळ नाही. ज्वारीचा दाणा मात्र आहे. म्हणजे खरं ड्रायफ्रूट आपण रोज थापून तव्यावर टाकतो! आणि त्या भाकरीबरोबर दक्षिण महाराष्ट्रात जे पातळ कालवण खातात त्याचं नाव काय? कोरड्यास. भाकरी कोरडी, तिच्यासाठी म्हणून कोरड्यास. ड्राय बाल्कनीला हसणाऱ्याने आधी हे ताट आठवावं.

शब्दांच्या मुळाशी गेलं तर ही माणसं एकमेकांची नातेवाईक निघतात. सुका हा संस्कृत शुष्कचा प्राकृतातून आलेला वंशज. शुष्कचा इराणी भाऊ म्हणजे फारसी ‘खुश्क’. तो मराठीत वेगळ्याच वेशात आला: इतिहासाच्या पुस्तकातला ‘खुष्कीचा मार्ग’. लहानपणी मला हा खुशीचा मार्ग वाटायचा. खुष्की म्हणजे कोरडेपणा, म्हणून पाण्यावरून न जाणारा रस्ता. बंदरापासून दूर, जमिनीवर असलेल्या मालतळाला आज ‘ड्राय पोर्ट’ म्हणतात. पेशव्यांच्या कारकुनाला त्याचं नाव सुचायला क्षणही लागला नसता.

इंग्रजी ‘ड्राय’चा सख्खा भाऊ आहे ‘ड्रेन’. हो, महापालिकेच्या ड्रेनेज विभागातला. पाणी काढून टाकणं ते ड्रेन आणि काढल्यावर उरतं ते ड्राय. लॅटिन ‘टेरा’ म्हणजे जमीन, आणि त्या शब्दाच्या मुळाचा अर्थ कोरडं होणं. समुद्राच्या मानाने जी कोरडी ती जमीन. त्याच मुळावरून संस्कृतात तृषा आणि तृष्णा आले, तृष्णेची मराठीत तहान झाली. त्याच मुळावरून भाजलेल्या पावाचा टोस्ट आला. आणि टेरावरून आली टेरेस. म्हणजे त्या फ्लॅटच्या जाहिरातीत व्युत्पत्तीने कोरडी जागा होती ती टेरेस, जिथे कुरडया घालतात.

इंग्रजीत दुष्काळाला ‘ड्राउट’ म्हणतात, तो शब्दही ‘ड्राय’चाच. त्यामुळे इंग्रजीत दुष्काळ ओला असू शकत नाही. शब्दच वाट अडवतो. मराठीत दुष्काळ म्हणजे वाईट काळ, मग तो पाण्याअभावी आलेला असो की पाण्याने. १९७२ चा दुष्काळ कोरडा होता. सोयाबीन काढणीला आलेलं असताना आठ दिवस पाऊस कोसळून शेंगांना शेतातच कोंब फुटतात, तो ओला दुष्काळ. मराठवाड्यातला शेतकरी हे दोन शब्द एकाच वर्षात वापरू शकतो, जूनमध्ये एक आणि सप्टेंबरात दुसरा. इंग्रजी वार्ताहराला त्याचं भाषांतर करताना अवतरणचिन्हं घालावी लागतात.

राहिला ड्राय ह्यूमर, आणि तो पुण्याशिवाय कुठे सांगायचा? ‘ह्यूमर’ हा लॅटिन शब्द. मूळ अर्थ ओल, द्रव. ग्रीक वैद्यकात शरीरात चार द्रव असत: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. त्यांच्या कमीजास्तपणावर माणसाचा स्वभाव ठरे. स्वभावावरून लहर, लहरीवरून विक्षिप्तपणा, विक्षिप्तपणावरून विनोद असा त्या शब्दाचा प्रवास झाला. म्हणजे ‘ड्राय ह्यूमर’चा अक्षरशः अर्थ कोरडी ओल! आणि गंमत म्हणजे आपल्याकडेही विनोद हा द्रवच आहे: हास्यरस. रस म्हणजे उसाचा तोही आणि नाटकातला तोही. ज्यात तो नाही ते नीरस. बाणभट्टाची एक आख्यायिका संस्कृतचे मास्तर सांगत. अंथरुणाला खिळलेल्या बाणाने अर्धवट ग्रंथ कोणाकडे सोपवावा म्हणून दोन्ही मुलांना समोरचं वठलेलं झाड वर्णन करायला सांगितलं. एकाने ‘शुष्क’ हा शब्द घेऊन दाताखाली खडा यावा असं वाक्य केलं. दुसऱ्याने ‘नीरस’ म्हटलं आणि वठलेलं झाडही डुलायला लागलं. ग्रंथ दुसऱ्याला मिळाला. त्या ग्रंथाचं नाव कादंबरी, जिच्यावरून आपण सगळ्याच कादंबऱ्यांना कादंबरी म्हणतो.

ड्राय ह्यूमरला मराठीत चपखल शब्द नाही. तिरकस म्हणावं तर त्यात डंख आहे, खवचट म्हणावं तर हेतू आहे, शालजोडीतला म्हणावं तर शाल हवी. ड्राय ह्यूमरमध्ये गैरहजर असते ती खूण: आता हसायचं आहे, अशी. अत्र्यांचा विनोद धो धो कोसळे. ते कोरडं कोणालाच ठेवत नसत. पुण्यात जन्मलेले आणि बडोद्याला पाली शिकवणारे चिं. वि. जोशी त्यांच्या उलट. त्यांचा चिमणराव स्वतःची फजिती तक्रारअर्ज लिहावा तशी सांगत जातो, आणि हसायचं कुठे ते वाचकालाच ठरवायला लागतं.

पुणेरी पाटी याच घराण्यातली. तिच्यात उद्गारचिन्ह नसतं, हसरा चेहरा नसतो, ‘कृपया’ असलंच तर तो वाक्यातला सर्वांत धारदार शब्द असतो. सौजन्याचा ओलावा काढून घेतला की माहिती उरते, आणि ती माहिती इतकी संपूर्ण असते (बेल कितीदा वाजवावी, वाजवल्यावर किती थांबावं, न थांबल्यास काय समजण्यात येईल) की बाहेरगावचा माणूस फोन काढून तिचा फोटो घेतो. पाटी लिहिणारे काका आतून ते बघतात आणि वैतागतात. त्यांनी विनोद केलेलाच नसतो. त्यांना फाटकासमोरची स्कूटर हलवून हवी असते.